गाड्यामागचा जोड

‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. परंतु हा नळा म्हणजे काय, हें हल्लींच्या मुलांस विचारलें तर त्यांना बहुधा सांगतां येत नाहीं. बैलगाडीच्या आखास घालावयाचें वंगण ज्या बांबूच्या नळकांड्यांत भरून गाडीखालीं टांगीत, तो हा नळा. गाडी पंढरपुरास निघाली म्हणजे त्यालाहि आयतीच यात्रा घडे. त्याचें ओझें तें किती! तो टांगावयास सुतळीचा एक फांस पुरे होई. पुढें मोटार आली, तिच्यामागें दुसरी गाडी जोडण्याची सोय झाली, आणि हा नळा वाढत वाढत आज कित्येक ठिकाणीं गाड्याहूनहि जड झाला आहे. सुतळीचा फांस मात्र पुष्कळांच्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. जीपगाडीमागें ट्रेलर ओढण्यासाठीं जो हूक बसवितात तो कसा असावा, गांवच्या कारागिराकडून तो करवून घेतांना काय पाहावें, आणि त्यांत हयगय झाली असतां काय घडतें, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. विषय लोहारकामाचा दिसला तरी रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या जिवाशीं त्याचा संबंध आहे.

या विचारास कऱ्हाटीसारखा दुसरा मुलूख मिळणें कठीण. कऱ्हा नदी पुरंदरच्या डोंगरांत उगम पावून मोरगांवच्या मयूरेश्वराचें दर्शन घेत बारामतीस येते व पुढें सोनगांवाजवळ नीरेस मिळते. नीरा पुढें जाऊन इंदापूर तालुक्याच्या टोंकास, नरसिंहपुरास, भीमेंत मिसळते. ज्या बारामतीस मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आपलें आयुष्य काव्यरचनेंत वेंचलें, ती त्यांच्या काळीं कोरडवाहू मुलखांतली एक पेठ होती. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, १९२८ सालीं भाटघरचें मोठें धरण पुरें झालें, आणि कालव्याखालची जमीन हां हां म्हणतां उंसानें भरून गेली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत वालचंदनगरास साखरेचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथें सहकारी कारखाने निघाले. हंगामांत या रस्त्यांवर रात्रंदिवस ऊंस वाहतो. बैलगाडीपासून दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरापर्यंत सर्व तऱ्हेचीं वाहनें एकाच वाटेनें कारखान्याकडे जात असतात.

कालव्याचें पाणी जेथें पोहोंचत नाहीं तेथें मात्र चित्र अगदीं निराळें आहे. सुपें-मोरगांवच्या बाजूच्या जिराईत गांवांतून, पाऊस हुकला कीं उन्हाळ्यांत पिण्याचें पाणी टांकींतून आणावें लागतें. त्या वेळीं ज्याच्या दारीं जीप असेल तो तिच्यामागें दोनचाकी टांकी जोडून पाणी, कडबा, पेंडीचीं पोतीं वाहूं लागतो. याशिवाय आषाढीच्या सुमारास श्रीतुकाराममहाराजांची पालखी पाटसवरून रोटी घाट चढून या मुलखांत येते, आणि उंडवडी, बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरीची वाट धरते. दिंड्यांचें सामान, तंबू, भांडीं व पाणी वाहणाऱ्या गाड्या त्या वेळीं पायीं चालणाऱ्या माणसांच्या गर्दींतूनच वाट काढीत असतात. अशा गर्दींत एखादा ट्रेलर आपल्या गाडीपासून सुटला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

जीपगाडी आणि तिच्यामागचा ट्रेलर यांची जोडी कांहीं नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्या जीपेच्या मागें पहिल्यापासूनच जबड्यासारखा मिटणारा एक हूक असे, व त्यास पाव टन माल नेणारा लहानसा दोनचाकी ट्रेलर जोडीत. तो हूक मागच्या पत्र्यास नव्हे, तर खालच्या लोखंडी सांगाड्याच्या आडव्या तुळईस बसविलेला असून त्या तुळईस तिरपे आधार देऊन ती मुद्दाम बळकट केलेली असे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईस महिंद्र कंपनीनें याच विलीज जीपा जुळविण्यास आरंभ केला, आणि ती चाल पुढें आपल्या खेड्यांतहि रुळली. मात्र हल्लीं डोंगरदऱ्यांतून हिंडणाऱ्या म्हणून ज्या गाड्या विकल्या जातात, त्यांच्यामागें असा हूक बहुधा नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो, अथवा करवून घ्यावा लागतो. कऱ्हाटींत दुसरा मार्ग फार. साखर कारखान्यांच्या दुरुस्तीखात्यांत, बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत व ट्रॉल्या बांधणाऱ्यांच्या पालांत हात बसलेले वेल्डर व कातारी येथें पुष्कळ आहेत. कारागिरीची उणीव नाहीं. उणीव असते ती कारागिराला काय सांगावयाचें, हें मालकास ठाऊक असण्याची.

खरें पाहिलें तर यांतील अर्धें शास्त्र आपल्या गाडीवानांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतें. दोनचाकी बैलगाडींत माल मागें जास्त भरला कीं पुढचें जूं वर उचललें जातें व बैलांच्या गळ्यास जोत्यांचा फांस बसूं लागतो. याला ‘गाडी उलाळ झाली’ असें म्हणतात. उलट सर्व ओझें पुढें आलें तर बैलांच्या मानेवर भार पडून त्यांच्या खांद्यास आवाळू येतें. म्हणून शहाणा गाडीवान पोतीं रचून झालीं म्हणजे जूं हातानें उचलून पाही. तें सहज वर येतां कामा नये, आणि अगदीं उचलेनासेंहि होतां कामा नये, एवढें त्याचें माप. आजचे इंजिनिअर हेंच निराळ्या भाषेंत सांगतात: ट्रेलराच्या एकंदर वजनाचा सुमारें दहावा हिस्सा हुकावर दाबून असावा, त्याहून फार कमी नसावा व जास्तहि नसावा. ७५० किलोंच्या ट्रेलराचा हुकावरील भार अशा रीतीनें ७५ किलोंच्या आसपास येतो. मात्र गाडीच्या कंपनीनें याहून कमी मर्यादा घातली असल्यास तीच पाळावी. घरीं माणसाचें वजन करण्याचा कांटा असतो, तो ट्रेलराच्या दांड्याखालीं, हुकाच्या उंचीवर, ठोकळ्यांनीं टेकवून ठेवला तर हा आकडा कोणासहि पाहतां येईल.

उलाळ झालेला ट्रेलर बैलगाडीहून किती तरी भयंकर असतो. बैल तासास तीन-चार किलोमीटर चालतात. जीप साठ किलोमीटरांनीं धांवते. मागें भार जास्त असलेला ट्रेलर वेग वाढतांच सर्पाप्रमाणें डावीउजवीकडे शेपूट हलवूं लागतो, आणि एका मर्यादेपुढें हें हलणें आपोआप वाढतच जाऊन पुढची गाडीहि आडवी होते. अशा वेळीं चाक इकडेतिकडे फिरवूं नये, एकदम ब्रेकहि दाबूं नये. पेट्रोलावरचा पाय हळूच काढून चाक सरळ धरावें, म्हणजे वेग उतरतांच शेपूट शांत होतें. परंतु खरा उपाय आधींचाच आहे. जड माल आखाच्या किंचित् पुढें व तळाशीं ठेवावा, हलका माल मागें व वर ठेवावा. पाण्याची टांकी असेल तर ती अर्धवट भरूं नये. अर्ध्या टांकींतलें पाणी चढावर मागें व उतारावर पुढें धांवून सगळा हिशेब बिघडवितें. म्हणून चांगल्या टांकींत आडवे पडदे घातलेले असतात.

आतां हुकाकडे वळूं. करवून घेतांना तीन प्रश्न विचारावे: हा हूक कशास बांधला आहे? तो किती उंचीवर आहे? आणि त्यावर ट्रेलर किती दिशांनीं फिरूं शकतो?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याच ठिकाणीं बहुतेकांची फसगत होते. समजा, जीप मालासह २००० किलोंची व ट्रेलर १००० किलोंचा आहे. जोडावरील ओढीचें मान काढण्यासाठीं या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्यास त्यांच्या बेरजेनें भागतात. तें येथें सुमारें ६६७ किलो येतें. हें मान सपाट, बऱ्या रस्त्याचें. शेताचा बांध ओलांडतांना, ओढ्यांतून वर निघतांना जे हिसके बसतात ते याच्या कित्येक पटींनीं असूं शकतात. म्हणून ट्रेलराच्या एकंदर वजनाच्या निदान तिप्पट ओढ सोसेल असा जोड करावा, असें आमचें सांगणें आहे. तीन हजार किलोंचा आंकडा ऐकून भिण्याचें कारण नाहीं. १२ मिलिमीटर जाडीचा आणि डोक्यावर ८.८ असा आंकडा कोरलेला एकच पोलादी बोल्ट सुमारें पांच हजार किलोंचा ताण सोसतो. असे चार किंवा सहा बोल्ट लावले तर बोल्ट तुटण्याची भीति उरत नाहीं. तुटते ती बोल्ट ज्यांत मारला ती जागा.

बारामतीच्या एका कारखान्यांत दुरुस्तीस आलेला एक हूक आम्हीं पाहिला. गोळा चकचकीत, पट्टी जाड, रंग उत्तम. त्यावर ओरखडाहि नव्हता. परंतु तो बसविला होता मागच्या बंपराच्या पत्र्यास. हिसक्याहिसक्यानें त्या पत्र्याचीं भोंकें लांबत जाऊन बोटभर लांबीच्या फटी झाल्या होत्या, आणि कांहीं दिवसांनीं हूक बंपरासह निघून आला असता. मालकाची तक्रार एवढीच होती कीं, हूक हल्लीं ‘खडखडतो’. कारागिरानें तो फाटलेला पत्रा हातांत धरून त्यांना दाखविला, आणि अधिक कांहीं बोलण्याची त्याला गरज पडली नाहीं.

यास्तव हूक नेहमीं गाडीच्या सांगाड्यास, म्हणजे चासीच्या दोन लांब पोलादी दांड्यांसच बांधला पाहिजे, आणि एकाच नव्हे, तर दोन्ही दांड्यांस. दोहोंच्यामध्यें एक आडवी चॅनेल घालून तिच्या मध्यावर हूक घेतात, म्हणजे ओढ दोहोंकडे वांटली जाते. चासीच्या दांड्यास शक्य तों कंपनीनें आधींच पाडलेल्या भोंकांतूनच बोल्ट घालावे. नवें भोंक पाडणें भागच पडलें तर तें दांड्याच्या उभ्या बाजूवर पाडावें. वरच्या-खालच्या आडव्या बाजूंवर कधींहि पाडूं नये, कारण वांकण्याचा सर्वांत जास्त ताण तेथेंच असतो. चासी पेटीसारखी बंद असेल तर आंत बोल्टाभोवतीं नळीचा तुकडा घालावा. नाहींतर बोल्ट आवळतांना ती पेटी चेपते, आणि मग बोल्ट कितीहि आवळला तरी ढिलाच राहतो. बोल्टाच्या दोन्ही अंगांस मोठी जाड चकती वा पट्टी ठेवावी. चासीवर थेट वेल्डिंग करणें हा सोपा वाटणारा मार्ग टाळलेला बरा. तापलेल्या जागेशेजारीं पोलादाचा गुण बदलतो, व पुढें त्याच रेषेवर तडा जातो. ज्या गाड्यांस वेगळी चासी नसून सर्व अंग एकाच पत्र्याच्या पेटीचें असतें, त्यांवर गांवठी हूक बसविण्याच्या भरीस पडूंच नये.

दुसरा प्रश्न उंचीचा. किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर बाजारांत आणला, तेव्हांपासून आपल्या शेतकऱ्यांस एक गोष्ट चांगली कळली आहे: नांगराच्या तोंडाशीं ओढीची साखळी एक भोंक वर किंवा खालीं अडकविली कीं फाळ कमीजास्त खोल जातो. ओढ कोठून लागते, यावर सगळें अवलंबून असतें. ट्रॅक्टराचा अनुभव याहून कडक आहे. मागच्या आखाहून उंच ठिकाणीं ओझें बांधून चढावर जोर केला तर ट्रॅक्टराचें तोंड वर उचललें जाऊन तो हांकणाऱ्याच्या अंगावर उलटा पडतो. अशीं मरणें जगांत सर्वत्र झालीं आहेत. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञानें तीन ठिकाणीं जोडणाऱ्या दांड्यांची जी युक्ति काढली व जी १९३९ सालीं फोर्डच्या ट्रॅक्टरावर आली, तिचा एक मोठा गुण हाच होता कीं, मागच्या अवजाराची ओढ ट्रॅक्टराचें तोंड उचलण्याऐवजीं त्यास जमिनीवर दाबून धरी. म्हणूनच ट्रॉली ओढण्याची दांडी नेहमीं आखाच्या खालीं असते, आणि ती वर घेण्याचा मोह कोणीं कधींहि धरूं नये.

जीपेस उलटण्याचें भय इतकें नाहीं. पण तिच्यापुढें दोन परस्परविरुद्ध गरजा असतात. ट्रेलर जमिनीशीं समांतर चालावा म्हणून हूक खालीं हवा. युरोपांत साध्या मोटारींसाठीं ५० मिलिमीटरांचा गोळा ठरलेला असून त्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीवर असावा, असा दंडक आहे. परंतु बांध आणि ओढे ओलांडणाऱ्या गाडीचा हूक इतका खालीं आला तर तो नांगरासारखा जमिनींत रुततो. यावर उपाय म्हणजे हूक सांगाड्याच्या पातळीवरच ठेवून ट्रेलराचा दांडा त्याच्या उंचीचा करावा. हूक खालीं आणावयाचाच असेल तर उभी पट्टी वापरावी लागते. पण ६६७ किलोंची ओढ १५ सेंटिमीटर खालून लागली कीं मुळाशीं १०० किलोग्रॅम-मीटरांचा पीळ बसतो, हें ध्यानांत ठेवून त्या पट्टीस दोन्ही बाजूंनीं त्रिकोणी आधार द्यावे. त्याचप्रमाणें हूक मागें फार लांबवूं नये. जीपेच्या पुढच्या व मागच्या आखांत २.४ मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या आखामागें एक मीटर आहे असें धरलें, तर हुकावरील ७५ किलोंच्या भारानें पुढचीं चाकें सुमारें ३० किलोंनीं हलकीं होतात. अंतर वाढवावें तसतशीं तीं अधिकच हलकीं होत जातात, आणि घाटाच्या वळणावर चाक फिरविलें तरी गाडी वळेनाशी होते.

तिसरा प्रश्न फिरण्याचा. रस्त्यावर वळतांना ट्रेलरानें डावीउजवीकडे फिरलें पाहिजे, चढउतारावर वरखालीं झालें पाहिजे, आणि एक चाक खड्ड्यांत व दुसरें उंचवट्यावर गेलें असतां जीपेस न पिळतां स्वतः कलतां आलें पाहिजे. बैलांच्या जुवास दोर व जोतीं असल्यानें हीं तिन्ही स्वातंत्र्यें आपोआप मिळत. गोळ्याच्या हुकास पहिलीं दोन भरपूर व तिसरें थोडें मिळतें. म्हणून तो डांबरी रस्त्यास उत्तम, आणि त्याचा आवाजहि कमी. जबड्याचा हूक व त्यांत अडकणारी पोलादी कडी यांना तिन्ही मिळतात. तीं खडखडतात खरीं, पण शेतवाटेस व ओढ्यानाल्यांस तींच योग्य. ट्रॅक्टराची साधी पिन त्यांच्याहून ढिली असते. बेताच्या वेगासाठीं ती ठीक, जीपेच्या वेगास ती लावूं नये. आणि पिन कोणतीहि असो, ती वर उसळून निघूं नये म्हणून खालीं क्लिप हवीच. क्लिप हरवली म्हणून तारेचा वेढा आणि पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा, हा प्रकार आमच्या रस्त्यांवर नित्य दिसतो. सुतळीचा फांस अजून गेला नाहीं, असें आम्हीं आरंभीं म्हटलें तें यासाठींच.

हूक तयार करण्याचा क्रम चांगल्या कारागिराकडे बहुधा असा असतो. प्रथम गाडी सपाट फरशीवर घेऊन, नेहमींचें ओझें तींत ठेवून, तो चासीची रुंदी, भोंकांचीं अंतरें, धूर सोडणाऱ्या नळीची व जादा चाकाची जागा हीं मापें घेतो. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीखालीं धरून पाहतो. पुठ्ठा कापण्यास चार आण्यांचाहि खर्च नाहीं, चुकीची कापलेली पट्टी मात्र भंगारांत जाते. त्यानंतर दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या व चॅनेल कापून, गाडीवरच नुसत्या टांक्यांनीं जुळवून, मग गाडीवरून काढून बांकावर पुरें वेल्डिंग करतो. सांध्याच्या कडा आधीं घांसून उतरत्या केलेल्या असाव्या, म्हणजे वेल्डिंग वरवर न राहतां मुळापर्यंत उतरतें. पट्ट्यांचे कोपरे अणकुचीदार न ठेवतां गोल करावे. तडा नेहमीं कोपऱ्यापासून निघतो. रंग शेवटीं द्यावा, आणि वेल्डिंग नीट पाहून झाल्यावरच द्यावा, कारण रंगाखालीं पुष्कळ पापें झांकलीं जातात. बोल्ट टॉर्क-पान्यानें आवळावे व पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर पुन्हा तपासावे. नवे भाग एकमेकांवर बसतांना थोडे सैल होतातच.

इतकें करूनहि एखादे दिवशीं जोड सुटेल, असें धरूनच पुढची तजवीज करावयाची असते. ट्रेलराच्या दांड्यापासून चासीपर्यंत दोन साखळ्या असाव्या, व त्या दांड्याखालून एकमेकींस ओलांडून फुलीसारख्या बांधाव्या. जोड सुटला तरी दांडा त्या झोळींत पडतो, जमिनींत घुसत नाहीं, आणि ट्रेलर रस्ता सोडून माणसांवर जात नाहीं. साखळ्या वळणावर ताणल्या जाणार नाहींत इतक्या लांब, आणि जमिनीस घासणार नाहींत इतक्या आंखूड असाव्या. त्या हुकास नव्हे, तर चासीस अडकवाव्या; हूकच निघाला तर हुकास बांधलेल्या साखळीचा उपयोग काय? ब्रेकांचाहि विचार व्हावा. युरोपांत ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरासच स्वतःच्या ब्रेकांवांचून चालूं देतात. आपल्याकडे हजार लिटरांची टांकी, म्हणजे नुसतें पाणीच हजार किलो, ब्रेकांवांचून जीपेमागें लावलेली दिसते. रोटी घाट उतरतांना हें सगळें ओझें पुढच्या एकट्या गाडीच्या ब्रेकांवर येतें.

आणि शेवटीं दिवे. मागच्या गाडीस पुढची गाडी दिसत नाहीं, दिसतो तो ट्रेलर. त्याला लाल दिवे, वळण्याचे दिवे व लाल परावर्तक नसतील तर रात्रीं तो रस्त्यावर उभा असलेला काळा दगडच समजावा. उंसाच्या हंगामांत अंधारांत उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दरवर्षीं वाचावयास मिळतात. कित्येक कारखाने हंगामाच्या आरंभीं गाड्यांस चमकणाऱ्या पट्ट्या लावतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु चिखलानें व पाचटानें त्या झांकल्या जातात, आणि त्या पुसण्याचें काम कोणाचेंच नसतें. याचा दोष रात्रभर जागून खेप पुरी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यावर, किंवा घरदार सोडून बीड-नगराकडून आलेल्या तोडणीवाल्यावर टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. त्यांच्या कष्टाची साखर आपल्या घरांत येते. ज्यांच्या घरीं जीप, ट्रेलर व ते नीट ठेवण्याइतकी सवड आहे, त्यांनीं तरी आधीं आपलें वाहन निर्दोष करावें.

कायद्याचेंहि मत याहून निराळें नाहीं. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यांत मोटारीनें ओढावयाच्या वाहनास ट्रेलर म्हटलें असून त्याचीहि नोंदणी व्हावी लागते. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कंपनीनें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल वाहनांत करण्यास मनाई आहे, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा कडक अर्थच मान्य केला. म्हणून हूक करवून घेण्यापूर्वीं गाडीच्या पुस्तकांत किती वजन ओढण्याची परवानगी दिली आहे तें पाहावें, परिवहन कचेरींत विचारणा करावी, व विमा कंपनीस लेखी कळवावें. अपघात झाल्यावर हे कागद शोधण्यांत कांहीं अर्थ नसतो.

कोणी म्हणेल, दोन मैलांवरच्या शेतावर चार पोतीं न्यावयाचीं, त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? या प्रश्नाचें उत्तर गाडीच्या रचनेंतच आहे. हांकणारा पुढें पाहत असतो. जोड त्याच्या पाठीमागें असतो. पुढें चूक झाली तर ती त्याला दिसते, व तिचा पहिला फटका बहुधा त्यालाच बसतो. मागें चूक झाली तर ती त्याला दिसत नाहीं, आणि तिचा फटका बसतो तो मागून येणाऱ्या परक्या माणसास: शाळेंतून सायकलीवर घरीं निघालेल्या मुलीस, दूध घालावयास निघालेल्या गवळ्यास, टाळ वाजवीत चाललेल्या वारकऱ्यास. त्यांनीं आपला हूक पाहिलेला नसतो, त्याच्या बोल्टांविषयीं त्यांचें मत कोणीं विचारलेलें नसतें. ज्याला आपल्या वतीनें पाहतां येत नाहीं, त्याच्या वतीनें आपण पाहावें, हाच येथें मालकाचा धर्म होय.

म्हणून निघण्यापूर्वीं घरांतील कोणाहि जाणत्या माणसानें, मग तो मुलगा असो वा मुलगी, गाडीमागें जाऊन पांच गोष्टी हातानें चांचपून पाहाव्या: जबडा मिटला आहे, क्लिप बसली आहे, दोन्ही साखळ्या चासीस आहेत, दिवे लागतात, आणि दांडा उचलून पाहिला असतां भार बेताचा लागतो. या कामास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. आपल्या वाडवडिलांपैकीं जे गाडी हांकीत, ते जूं उचलून पाहिल्यावांचून कासरा हातीं घेत नसत. त्यांच्या बैलांहून आपलें इंजिन पुष्कळ बळकट आहे. त्या मानानें आपली तपासणीहि अधिक कसोशीची असावी, एवढें सांगून हा लेख पुरा करितों.